‘शांत आणि सुरक्षित’ पवित्र भूमी: जॉर्डन यात्रेच्या एका पॅकेजचे परीक्षण

आमच्या बेळगावच्या कॅम्प भागातील चर्चच्या सूचना फलकावर पवित्र भूमीच्या यात्रेचे एखादे तरी पत्रक बाराही महिने लागलेले असते. नेहमीचे पॅकेज जॉर्डन, इस्राएल आणि इजिप्त अशा तीन देशांचे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएल आणि हमास यांच्यात युद्ध सुरू झाल्यानंतर, आणि विशेषतः एप्रिल २०२४ मध्ये भारत सरकारने नागरिकांना इस्राएलला न जाण्याचा सल्ला दिल्यानंतर, कंपन्यांनी मधला देश वगळून उरलेल्या दोन देशांची यात्रा विकायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतील एका कंपनीच्या अशाच यात्रेला बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील आम्ही काही मेथडिस्ट व कॅथलिक मंडळी मिळून गेलो होतो. पत्रकावर ‘शांत आणि सुरक्षित जॉर्डन’ अशी ठळक ओळ होती, आणि हे परीक्षण प्रामुख्याने त्या एका ओळीचे आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ही पद्धत तिच्या एकटीची नाही, आणि इजिप्तविषयीही येथे लिहीत नाही, कारण तो भाग जसा असतो तसाच होता.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई आणि तेथून आखातातील एका विमानतळावर विमान बदलून अम्मान असा प्रवास वेळेवर झाला. व्हिसाचे सोपस्कार कंपनीच्या माणसाने विमानतळावरच उरकून दिले. बस नवी होती, चालक सभ्य होता, हॉटेले स्वच्छ होती. अम्मानमध्ये रात्री ‘भारतीय जेवण’ म्हणून जे वाढले गेले त्यात आमटीचा केवळ रंग होता. मात्र मादाबा येथे एकाच मोठ्या ताटात भात, मटण आणि आंबट दह्याची गरम कढी घालून आलेला मन्साफ आमच्यापैकी बहुतेकांनी उजव्या हाताने, कोणी शिकवण्याची गरज न भासता, संपवला. किंमत माणशी सव्वा लाखाच्या आसपास पडली. ज्या सोयी मिळाल्या त्या मानाने ती वाजवी आहे.

प्रश्न आहे तो सांगण्या-न-सांगण्याचा. निघण्यापूर्वी, १ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, इराणने इस्राएलवर सोडलेली क्षेपणास्त्रे जॉर्डनच्या आकाशातून गेली, त्यांचे काही अवशेष जॉर्डनच्या भूमीवर पडले आणि काही काळ त्या देशाने आपले हवाई क्षेत्र बंद ठेवले. एप्रिलमध्येही असेच झाले होते आणि तेव्हा हद्दीत शिरलेली काही ड्रोन जॉर्डनच्या सैन्याने स्वतः पाडली होती. बातमी दूरचित्रवाणीवर आली त्याच संध्याकाळी यात्रेच्या व्हॉट्सअॅप गटावर कंपनीचा संदेश आला की सर्व काही सुरळीत आहे आणि कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये. अफवा कोणती आणि बातमी कोणती हे मात्र कोणी सांगितले नाही. प्रवास विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत युद्धामुळे होणारे नुकसान वगळलेले असते. आमच्या पॉलिसीतही ते कलम होते, पण ते वाचून दाखवण्याचे काम बेळगावच्या एजंटाने केले नाही आणि कंपनीनेही केले नाही. निपाणीच्या एका कुटुंबाने धास्तीने नाव मागे घेतले, तेव्हा अर्ध्याहून अधिक रक्कम ‘अटींप्रमाणे’ कापली गेली. अटी छापलेल्या होत्या हे खरे. त्या वाचण्यासाठी भिंग लागले असते, हेही खरे.

हे सारे व्यवहाराचे झाले, आणि व्यवहारात असे चालतेच म्हणून सोडून देता येते. पण यात्रेकरूला शेजारच्या युद्धापासून झाकून ठेवण्याचा हाच कटाक्ष प्रत्यक्ष जॉर्डनमध्येही पाळला गेला, आणि त्यामुळे पैसे देऊन ज्यासाठी गेलो त्यातील मोलाचा भाग हातातून निसटता निसटता राहिला. तो राहिला याचे श्रेय कंपनीचे नसून स्थानिक मार्गदर्शकाचे आहे. हा मार्गदर्शक उत्तरेकडील इरबिदजवळच्या हुस्न या गावचा, जेथे ख्रिस्ती वस्ती पुष्कळ आहे.

कार्यक्रमात उत्तरेकडे फक्त जेराशचे रोमन अवशेष होते. मार्गदर्शकाने आपणहून विचारले की थोडे लवकर निघालात तर उम्म कैस दाखवतो. शुभवर्तमानातील गदरेकरांच्या प्रांताशी जोडलेले प्राचीन गदरा ते हेच. काळ्या बसाल्टच्या खांबांमधून चालत गच्चीसारख्या कड्यापर्यंत गेले की समोर एकाच दृष्टिक्षेपात गालील समुद्र, गोलान टेकड्या आणि खाली यार्मुक नदीची खोल दरी दिसते. आमच्यापैकी अनेकांचे डोळे गालील पाहून भरून आले, आणि ते स्वाभाविक होते, कारण तेथपर्यंत जाण्याची वाट त्या वर्षी बंद होती. खानापूरचे सुभेदारकाका मात्र वेगळेच पाहत होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला हा माणूस हाताची पाचही बोटे डोळ्यांवर धरून बराच वेळ टेकड्यांची रांग न्याहाळत राहिला आणि मग म्हणाला, “ते टेकाड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात खालचं सगळं पाणी.” गोलान १९६७ च्या युद्धात सीरियाकडून इस्राएलच्या ताब्यात गेले आणि त्या प्रदेशाच्या राजकारणावर जाड ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यांचे निम्मे सार या एका वाक्यात आले असावे.

काकांनी मग मार्गदर्शकाला विचारले की गोळे किती जवळ पडत. त्याने पूर्वेकडे बोट दाखवले. सीरियातील यादवी २०११ मध्ये जेथून पेटली ते दरआ शहर सीमेपलीकडे अगदी जवळ आहे. लढाई ऐन भरात असताना जॉर्डनच्या रमथा गावात तोफगोळे येऊन पडत, आणि हुस्नमध्ये रात्री तावदाने हादरत. मुले सुरुवातीला रडत, पुढे झोपू लागली, असे तो म्हणाला. परतीच्या रस्त्यावर त्याने माफ्राककडे जाणारा फाटा दाखवला. त्या बाजूला जुलै २०१२ मध्ये उघडलेली जातारी ही निर्वासितांची छावणी आहे, आणि बारा वर्षांनंतरही तेथे सत्तर हजारांहून अधिक सीरियन राहत होते. बसमध्ये कोणीतरी म्हणाले की आपणही सीमाभागातलेच, आपल्याला हे समजते. मला ही तुलना रुचली नाही. वाद तापला की महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बसगाड्या थांबतात आणि आपण टेम्पोने पुढे जातो. सीमेचा त्रास म्हणून आपल्या वाट्याला आलेले हे सारे, त्या तावदानांपुढे उच्चारण्यासारखे नाही.

दुसरा प्रसंग नबो डोंगरावरचा आहे आणि तो सांगणे थोडे अवघड आहे. मोशेने वचनदत्त देश दुरून पाहिला तो हा डोंगर. फ्रान्सिस्कन संघाने जपलेल्या चर्चच्या बाहेरील कठड्यावरून मृत समुद्र, यार्देनेचे (जॉर्डन नदीचे) खोरे, यरीहो आणि हवा स्वच्छ असेल तर यरुशलेमेकडचे डोंगर दिसतात. कंपनीने ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ म्हणून सोबत दिलेल्या पाळकसाहेबांनी येथे प्रार्थना केली, आणि आपल्याकडील अनेक सभांत सवयीने केली जाते तशीच केली: इस्राएलचा विजय व्हावा, त्याच्या शत्रूंची दाणादाण व्हावी, आणि सर्वांनी मोठ्याने आमेन म्हणावे. मार्गदर्शक टोपी हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला. तो आमेन म्हणाला नाही. नंतर बसमध्ये एका भगिनीने त्याला विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की त्याच्या पत्नीचे माहेर बेथलेहेमजवळच्या बेत जाला येथे आहे, तेही ख्रिस्तीच, आणि सप्टेंबरमध्ये यार्देनेवरील पुलापाशी गोळीबार होऊन पूल बंद झाला तेव्हा तिची आजारी आईची भेट हुकली. पाळकसाहेबांनी हे ऐकले की नाही ते मला ठाऊक नाही. प्रार्थनेचा मसुदा पुढेही बदलला नाही.

कोणत्या बाजूने न्याय आहे याची चर्चा येथे करण्याचा माझा हेतू नाही. पण दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून, त्याच्याच आप्तांवर पडणाऱ्या आगीविषयी देवाला सल्ला देण्यापूर्वी त्या घरच्या माणसाला एक शब्द विचारावा, एवढा शिष्टाचार ख्रिस्ती यात्रेला असावा. त्या प्रदेशातील मंडळी कशी जगते याची अर्ध्या तासाची माहिती निघण्यापूर्वी दिली असती तर ही वेळ आली नसती, आणि ती देणे हे ज्यांनी सव्वा लाख घेतले त्यांचे काम होते.

यार्देनेकाठच्या अल-मग्तास या बाप्तिस्म्याच्या स्थळी मला निराशा वाटली ती वेळेमुळे. २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेले हे ठिकाण दीर्घकाळ लष्करी पट्ट्यात होते, आणि १९९४ च्या शांतता करारानंतर सुरुंग काढले गेले तेव्हाच तेथे उत्खनन होऊ शकले. नदी आता काही मीटर रुंदीची, गढूळ आणि संथ आहे, कारण तिचे बहुतेक पाणी वरच्या वर वळवले जाते. पलीकडच्या काठावर इस्राएली ध्वज आणि पहारा इतका जवळ की तिकडच्या माणसाचे खोकणे ऐकू यावे. येथे आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. मृत समुद्राच्या चिखलाचे साबण विकणाऱ्या दुकानात मात्र सव्वा तास होता, आणि पाचजण बसमध्येच बसून राहिल्याबद्दल टूर मॅनेजरने नाराजी दाखवली.

मादाबाबद्दल मात्र भरभरून लिहावे लागेल. तेथील सेंट जॉर्ज ऑर्थोडॉक्स चर्चच्या फरशीत सहाव्या शतकातील पवित्र भूमीचा मोझेक नकाशा आहे. त्यात यार्देन नदीतील एक मासा मृत समुद्राच्या खाऱ्या पाण्याला पाहून उलट फिरलेला दाखवला आहे. इतक्या छोट्या खड्यांत कारागिराने ती वळलेली शेपटी नेमकी बसवली आहे. नकाशा सर्व कंपन्या दाखवतात. त्या शहरातील माणसे दाखवण्याची तरतूद आमच्या कार्यक्रमात नव्हती. रविवारची उपासना हॉटेलच्या सभागृहात सकाळी ठेवली होती, गिटारसह, आमची आम्हीच. जॉर्डनमध्ये रविवार कामाचा दिवस असल्याने अनेक ठिकाणी लोक संध्याकाळी चर्चला येतात, हे मार्गदर्शकाकडून कळले, आणि ज्यांना यायचे होते त्यांना तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाच्या नावाने असलेल्या लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, चर्चमध्ये घेऊन गेला.

यरुशलेमचा लॅटिन पॅट्रिआर्केट हा एकच धर्मप्रांत जॉर्डन, इस्राएल, पॅलेस्टाईन आणि सायप्रस यांवर पसरलेला आहे. म्हणजे मादाबाचे हे चर्च आणि गाझातील पवित्र कुटुंबाचे चर्च एकाच बिशपांच्या देखरेखीखाली येतात. त्या गाझातील चर्चच्या आवारात युद्धाच्या आरंभापासून शेकडो माणसे आसऱ्याला होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथेच एक आई व तिची मुलगी गोळीला बळी पडल्याचे पॅट्रिआर्केटने जाहीर केले होते. मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या चर्चचे नाव आले तेव्हा बाकांवरील स्त्रिया त्यांच्याच गल्लीतील घराचे नाव यावे तशा मान हलवत होत्या. त्याच वर्षी जॉर्डनमधील चर्चप्रमुखांनी नाताळचे सगळे सोहळे रद्द करून केवळ उपासना ठेवल्या होत्या. झाड नाही, बँड नाही, मिरवणूक नाही. आपल्याकडे रोषणाई थोडी कमी करायची म्हटली तरी कमिटीच्या तीन बैठका होतात.

उपासनेनंतर बाजूच्या खोलीत वेलदोड्याची कडू कॉफी मिळाली आणि खानापूरच्या काकूंनी पर्समधून कुंद्याचा डबा काढून फिरवला. तेथे इराकमधील काराकोशहून आलेली एक स्त्री भेटली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इस्लामिक स्टेटच्या हल्ल्यापुढे ते संपूर्ण ख्रिस्ती गाव एका रात्रीत रिकामे झाले, आणि जॉर्डनला आलेल्या कुटुंबांना आरंभी चर्चच्या सभागृहांतच गाद्या टाकून ठेवले गेले. या निर्वासितांना रीतसर नोकरी करता येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाच्या व्हिसाची वाट पाहणे हाच त्यांचा दिनक्रम होऊन बसतो. तिने कुंदा दोनदा घेतला, मुलाचा फोटो दाखवला आणि बेळगाव कोणत्या समुद्राजवळ आहे असे विचारले. यात्रेतील प्रत्येक दगडाविषयी आम्हाला माहितीपत्रक मिळाले होते. या मंडळीविषयी एक ओळही नव्हती.

तेव्हा शिफारस अशी. प्रवास, निवास आणि भोजन यांसाठी ही सेवा चांगली आहे; पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. तीर्थयात्रा म्हणून मी तिला दोनच देईन, आणि मार्गदर्शक वगळला तर तेही देणार नाही. नाव नोंदवण्यापूर्वी एजंटाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: हवाई क्षेत्र बंद झाल्यास राहण्या-परतण्याचा खर्च कोणाचा, यात्रा रद्द केल्यास किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत परत मिळणार, आणि विम्यात युद्धाविषयी नेमके काय लिहिले आहे. उम्म कैस कार्यक्रमात नसेल तर गटाने मिळून ते मागावे, जेराशच्या दिवशी ते सहज बसते. अल-मग्तासला किमान दीड तास हवा. रविवार मादाबा किंवा अम्मानमध्ये येईल अशी आखणी करून संध्याकाळची उपासना स्थानिक चर्चमध्ये ठेवण्यास सांगावे. त्यासाठी कंपनीला जादा खर्च येत नाही, फक्त साबणाच्या दुकानातील कमिशन थोडे कमी होते.