पीटीएम ७९५०: लॅपटॉपवर आठ महिन्यांच्या वापरानंतर

थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे, नेणारा लेप) घेताना ट्यूबवरचा उष्णतावहनाचा आकडा बघायची सवय लॅपटॉपपुरती तरी सोडावी. पेस्टऐवजी लावायच्या हनीवेलच्या पीटीएम ७९५० या फिल्मचा छापील आकडा ८.५ आहे. १२ च्या पुढचा आकडा मिरवणाऱ्या पेस्ट ढिगाने मिळतात, आणि पहिल्या आठवड्यात त्या बरोबरीच्या, कधी एखाद-दुसऱ्या अंशाने सरसही ठरतात. खरा फरक दोन-तीन महिन्यांनी दिसतो.

कारण साधं आहे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं. उघडी डाय (प्रोसेसरची सिलिकॉनची चिप) थेट हीटसिंकच्या तांब्याला टेकते. ४० वरून ९० अंश आणि परत खाली, असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. सिलिकॉन आणि तांबं सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पातळ पेस्ट दर फेरीला थोडी थोडी कडेला ढकलली जाते. यालाच पंप-आउट म्हणतात. सरासरी तापमानात ते लवकर कळत नाही. एकेका कोअरचं (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र गणन-भागाचं) तापमान बघा: एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा १०-१५ अंशांनी वर पळू लागले आणि ब्राउझर उघडताच पंखा ओरडू लागला, की मधली पेस्ट सरकली असं समजावं.

पीटीएम ही पेस्ट नव्हे, साधारण पाव मिलिमीटर जाडीची फिल्म. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होते, दाबाखाली पसरून अगदी पातळ थर बनते, गार झाली की पुन्हा घट्ट. मऊ असतानाही ती वाहून जात नाही. आठ महिन्यांनंतरही कोअरांमधला फरक पहिल्या आठवड्याइतकाच आहे, आणि या फिल्मचे पैसे त्यासाठीच मोजायचे.

लावणं मात्र कटकटीचं. खोलीच्या तापमानाला ती चिकट असते. सोलायला गेलात की फाटते. पाकीट बंद ठेवूनच १०-१५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावं. तोवर डाय आणि तांबं आयसोप्रोपिल अल्कोहोलने (९० टक्के किंवा वर) लख्ख पुसून घ्यावं. फिल्म डायपेक्षा प्रत्येक बाजूला मिलिमीटरभर मोठी कापावी, एका बाजूचं प्लॅस्टिक काढून डायवर दाबावी आणि दुसरं प्लॅस्टिक कोपऱ्यातून, आडवं ओढून सोलावं. कोपरा तुटला तर कापलेला तुकडा तिथे चिकटवला तरी चालतो; वितळल्यावर सांधा राहत नाही. दुसरं प्लॅस्टिक तसंच राहणं ही सर्वात नेहमीची चूक! हीटसिंकवर छापलेल्या क्रमाने स्क्रू आवळावेत, एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. रॅमच्या चिप्सवरचे जाड पॅड तसेच ठेवावेत. तिथली फट ही फिल्म भरू शकत नाही.

पहिल्या तासाचे आकडे बघून निराश होऊ नये. १५ मिनिटं पूर्ण भार, मग बंद करून गार होऊ देणं, असं पाच-सहा वेळा केल्यावर तापमान स्थिरावतं. नकली फिल्म बाजारात खूप आहे. ती वितळतच नसेल, तर कितीही फेऱ्या करा, तापमान काही उतरत नाही.

द्रवधातू (पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू) याहून थंड ठेवतो, पण तो वीजवाहक आहे आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. रोज पिशवीतून हिंडणाऱ्या यंत्रात तो नकोच.

डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर झाकण असल्याने हा खटाटोप बहुधा अनावश्यक. एमएक्स-४ किंवा एनटी-एच१ सारखी वीज न वाहणारी पेस्ट, मध्यभागी वाटाण्याएवढी, वर्षानुवर्षं काम देते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायची खोबण; यात पिना प्रोसेसरलाच असतात) पीटीएम लावलीच, तर कूलर काढण्याआधी यंत्र दहा मिनिटं भाराखाली तापवावं, बंद करून लगेच कूलरचे स्क्रू सोडवावेत आणि डावी-उजवीकडे हलकेच फिरवत तो मोकळा करावा. गार असताना सरळ वर ओढलात, तर घट्ट झालेल्या फिल्मला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, आणि वाकलेल्या पिना सरळ करत बसावं लागतं.