पॉलिश चढण्याआधी लाकूड बघा

घरात लाकडी जिना करून घेणार असाल तर ठेकेदाराच्या हातात पैसे ठेवण्याआधी हे वाचा. आम्हाला पायऱ्यांच्या लाकडात फसवलं गेलं, आणि इतक्या सफाईने की जिना वापरात येऊन बरेच महिने कुणाला शंकाही आली नाही.

ठरलं होतं अस्सल सागवान. पायऱ्या, त्यांमधल्या उभ्या फळ्या, कठडा, सगळं भरीव. ठेकेदाराने नमुना म्हणून ठोकळा दिला, तो खरा सागाचा होता. मग कारखान्यात नेऊन फळ्यांची थप्पी दाखवली, तीही खरी. थप्पीवर खडूने आमचं आडनाव. "हा तुमचा माल, आता फक्त कापायचाय," असं म्हणत त्याने मोठा हप्ता तिथेच मागून घेतला. पुढे त्याच्या दुसऱ्या एका ग्राहकाशी गाठ पडली. त्यांच्याकडेही थप्पीचा फोटो होता. त्याच फळ्या, एका फळीवरची मोठी काळी गाठसुद्धा तीच, फक्त खडूने लिहिलेलं नाव त्यांचं. तो सागवान कुणाच्याच घरी जात नव्हता. तो दाखवण्यापुरता ठेवलेला होता.

पायऱ्या घरी आल्या त्या पॉलिश होऊनच. घरात धूळ नको, वास नको म्हणून कारखान्यातच उरकलं, हे त्याचं कारण. कठडा आणि सगळ्यात खालची पायरी खरोखर सागाची निघाली. हात फिरतो तो कठड्यावर आणि वाकून बघितली जाते ती पहिली पायरी, हे त्याला पक्कं माहीत होतं. बाकीच्या पायऱ्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून चिकटवलेल्या फळीच्या. त्यावर कागदासारखा पातळ सागाचा व्हिनियर, आणि पुढच्या कडेला सागाची पट्टी डकवलेली.

जिना पुसताना पाणी त्या पट्टीच्या सांध्यात मुरत गेलं आणि कडा फुगू लागल्या. ठेकेदार म्हणाला, "लाकूड आहे, हवेप्रमाणे हलणारच." मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आहे, कारण ते अर्धं खरं आहे. भरीव लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, पण ते मुख्यतः रुंदीत; लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. एमडीएफ मात्र कडेने पाणी प्यायलं की जाडीत फुगतं आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. आमच्या पायऱ्या जाडीतच फुगल्या होत्या. शेवटी दुसऱ्या सुतारांना बोलावलं. त्यांनी एक पायरी सोडवून उलटी केली आणि खालचा तपकिरी, रेषा नसलेला पुठ्ठ्यासारखा भाग आम्हाला दाखवला.

वजनावर जाऊ नका, एमडीएफ सागाइतकंच किंवा त्याहून जड भरतं. टोक बघा. भरीव फळीच्या वरची रेषा कडेवरून खाली उतरते आणि कापलेल्या टोकाला वाढीच्या वलयांना जाऊन मिळते. व्हिनियरची रेषा कडेशी तुटते. हे सगळं पॉलिशच्या आधी उघड दिसतं. पॉलिश आणि रंग चढला की टोकंही झाकली जातात, आणि रबरवूड (रबराच्या झाडाचं लाकूड) किंवा सागाचाच सालीकडचा फिका, कीड लागणारा भाग गाभ्याच्या लाकडासारखा दिसू लागतो. म्हणून करारात लिहून घ्या की प्रत्येक पायरी कच्ची घरी येईल, तुम्ही ती उलटी करून बघाल, आणि मोठा हप्ता त्यानंतरच. लाकडाची जात लिहा, भरीव असं लिहा, आणि जाडी रंधा मारून झाल्यानंतरची लिहा. कच्च्या फळीची जाडी दाखवून पैसे घेणं आणि पातळ पायरी बसवणं ही वेगळीच लबाडी आहे. ओलावा मोजायचं दोन टोकांचं छोटं यंत्र मिळतं. घरात बसवायचं लाकूड साधारण 8 ते 12 टक्क्यांत असावं.

आणखी एक गोष्ट त्याच सुतारांनी दाखवली, आणि ती पैशांपेक्षा गंभीर आहे. आमची सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. मापं घेतली गेली ती वरच्या मजल्याची फरशी धरून नव्हे, नुसत्या स्लॅबपर्यंत. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता चढतो, म्हणून आई तिथे अडखळत होती. आम्ही ते वयावर ढकलत होतो. कठड्याच्या खालचा मुख्य खांबही फरशीला नुसता चिकटवून दोन स्क्रूंवर उभा होता. ज्याचा आधार घ्यायचा तोच हलणारा. कठड्याच्या गजांमधली फट तेवढी ठीक होती; ती 100 मिलिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान मूल त्यातून सरकू शकतं.

खांब आता खालच्या काँक्रीटपर्यंत बोल्टने पक्का केलाय. पायऱ्या एकेक करून बदलतोय. ठेकेदार फोन उचलत नाही, म्हणून काढलेली प्रत्येक पायरी, थप्पीचे फोटो आणि तो सागाचा ठोकळा तक्रारीसाठी जपून ठेवलाय. तुमच्याकडेही असं झालं असेल तर निघालेले तुकडे भंगारात देऊ नका.