पोस्टग्रेसक्यूएल १६.१ : छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर अपडेट कसं वाटतं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा स्टॉक असो की निपाणी-खानापूरकडच्या सोसायटीची कर्जखाती, सॉफ्टवेअर पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसवर (माहिती साठवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालत असेल तर आधी आवृत्ती बघा. ९ नोव्हेंबर २०२३ ला आलेली १६.१, १५.५, १४.१०, १३.१३, १२.१७ आणि ११.२२ ही अपडेट्स चुकवण्यासारखी नाहीत. त्यांत सीव्हीई-२०२३-५८६९ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाचा नोंदणी क्रमांक) हे भोक बुजवलं आहे. धोक्याचा गुणांक १० पैकी ८.८.

दोष ॲरेच्या, म्हणजे एकाच रकान्यातल्या क्रमवार यादीच्या, हिशेबात होता. ॲरेच्या टोकापलीकडच्या क्रमांकावर घटक ठेवला की सर्व्हर नवी लांबी मोजतो, तीही ३२ बिटांच्या पूर्णांकात. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. बेरीज त्यापुढे गेली की उत्तर उलटून उणे होतं, मर्यादेची तपासणी फसते आणि लिखाण भलत्याच मेमरीवर होतं. त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येऊ शकतो, मेमरीतला मजकूरही वाचता येतो. दुरुस्ती नेमकी आहे: आता बेरीज ओव्हरफ्लो झाली की सरळ एरर येते.

हल्ल्याला लॉगिन लागतं, म्हणून निर्धास्त राहू नका. काउंटरपासून मॅनेजरपर्यंत सगळे एकाच ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी युजरने आत जात असतील, तर लॉगिनची अट नावालाच उरते. प्रत्येक सॉफ्टवेअरला मर्यादित हक्कांचा वेगळा युजर द्या. ५४३२ पोर्ट (डेटाबेसशी जोडणीचं दार) इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

बसवणं सोपं आहे, ही या अपडेटची सगळ्यात मोठी जमेची बाजू. १६.० वरून १६.१ वर जाताना डेटा काढून परत भरावा लागत नाही. काउंटर बंद झाल्यावर पीजी-डंप या पोस्टग्रेसक्यूएलच्याच साधनाने बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवा. मग सर्व्हिस थांबवा. विंडोजवर त्याच मालिकेचा (पहिला आकडा तोच, जसा १६) नवा इन्स्टॉलर जुन्यावरच चालवा, डेटा फोल्डर जागेवर राहतो. करंट जायची भीती असेल तर आधी यूपीएसची बॅटरी बघा. शेवटी सर्व्हिस पुन्हा सुरू करून आवृत्ती विचारा. फाइली बदलल्या पण सर्व्हिस रीस्टार्ट झाली नाही, तर मेमरीत जुनाच प्रोग्रॅम चालत राहतो. घोळ बहुतेक इथेच होतो.

आज बसवायचं तर आपल्या मालिकेतलं सगळ्यात नवं अपडेट घ्या, मागच्या दुरुस्त्या त्यात असतातच. ११.२२ हे ११ मालिकेतलं शेवटचं. १० किंवा त्याआधीच्या आवृत्तीला ही दुरुस्ती मिळालीच नाही. तिथे सॉफ्टवेअरवाल्याकडून मोठं स्थलांतरच करून घ्यावं लागेल, आणि त्याची तारीख लेखी मागा.

एक काम राहतं. ‘इंटरव्हल’ (कालावधी) प्रकारच्या कॉलमवर बी-ट्री इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, असेल, तर अपडेटनंतर तो रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा. ‘२४ तास’ आणि ‘१ दिवस’ या समान ठरणाऱ्या पण वेगळ्या दिसणाऱ्या किमतींमुळे जुन्या इंडेक्समधून चुकीचं उत्तर येऊ शकतं.