तारखेप्रमाणे तेहिल्लीम: नऊ महिने वापरल्यानंतर

हेश्वानच्या 1 तारखेला सुरुवात केली होती, आज तम्मुझची 29. नऊ हिब्रू महिने सलग वापरलं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पुस्तक म्हणजे खिशात मावेल एवढं तेहिल्लीम, आम्हा ज्यूंची स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रं, नुसतं हिब्रू, स्वरचिन्हांसकट, आणि महिन्याच्या 30 दिवसांत वाटून दिलेलं. प्रत्येक भागाच्या डोक्यावर तारीख छापलेली आहे. पहिल्या दिवशी 1 ते 9, दुसऱ्या दिवशी 10 ते 17, असं करत तिसाव्या दिवशी 145 ते 150.

अक्षर बारीक आहे. चष्म्याशिवाय स्वरचिन्हांतला कामात्झ कुठला आणि पाताख कुठला ते कळत नाही. कागद पातळ, ठाण्याच्या पावसात पानं फुगली. तिसऱ्याच महिन्यात 119व्या स्तोत्रापाशी शिवण सुटली. विकणाऱ्याला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही, शेवटी मीच सुईदोरा घेतला. शिवण नेमकी तिथेच सुटावी याला कारणही होतं. या स्तोत्रात हिब्रूच्या 22 अक्षरांना प्रत्येकी आठ अशी 176 वचनं आहेत, आणि आजारी माणसाच्या नावातल्या अक्षरांप्रमाणे ती म्हणायची रीत आहे. आई दवाखान्यात होती. तिचं नाव आणि 'बात' (म्हणजे मुलगी) लावून तिच्या आईचं नाव धरून मी रोज तीच पानं उलटत होते.

हिब्रू वाचता येतं, अर्थ मात्र सगळा लागत नाही, म्हणून शेजारी मराठी बायबलातली स्तोत्रसंहिता ठेवते. असं करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही बऱ्याचदा वचन म्हणून मोजतात, त्यामुळे आकडे एकाने पुढे जातात, 51व्या स्तोत्रात तर दोनाने. पहिला महिनाभर मी भलत्याच ओळीचा अर्थ भलत्या ओळीला लावत होते.

आता मुख्य गोष्ट. याआधी मी स्तोत्रं गरजेप्रमाणे निवडायचे. प्रवासाला निघाले की 121, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, संध्याकाळी 23. म्हणजे माझ्या मनात जे असेल तेच पुस्तकातून परत मिळायचं. तारखेप्रमाणे वाचायला लागल्यावर निवड माझ्या हातात राहिली नाही. मी खुशीत असले तरी 10 तारखेला 55वं येणारच, ज्यात घाव शत्रूने नाही तर जिवलग मित्राने घातलेला आहे. आणि रडून डोळे सुजले असले तरी 30 तारखेला 150व्यातल्या झांजा वाजणारच.

तेवेतच्या 20 तारखेला आई गेली. दुसऱ्या दिवशी दफन झालं, रीतीप्रमाणे सात दिवस शोकात बसलो, वाचन थांबलं. 27 तारखेला सकाळी शोकातून उठलो. पुस्तक जिथे सोडलं तिथून धरावं असं वाटत होतं, पण मी तारीख उघडली. 120 ते 134, चढणीची पंधरा छोटी गीतं. 130व्यात खोल गर्तेतून हाक मारणारा माणूस आहे, आणि पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी. ते शब्द हिब्रूत लागोपाठ दोनदा येतात, शोमेरिम लाबोकेर, शोमेरिम लाबोकेर. दवाखान्याच्या व्हरांड्यात घड्याळाकडे बघत ज्यांनी रात्र काढली आहे त्यांना दोनदा का, हे सांगावं लागत नाही. त्याच्या पुढचं 131 फक्त तीन वचनांचं. माझा जीव मी शांत केला आहे, दूध तुटलेलं मूल आईच्या अंगावर असतं तसा. अंगावर पिणारं मूल भुकेने आईकडे येतं. दूध तुटलेलं मूल नुसतं तिच्याजवळ बसायला येतं. त्या सकाळी मी एवढंच वाचलं आणि पुस्तक मिटलं. बाकीची गीतं दुपारी पुरी केली.

तेहिल्लीम या शब्दाचा अर्थ स्तुती. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा गठ्ठा विलापांचा आहे. 13व्यात 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. 39व्याच्या शेवटी माणूस देवाला म्हणतो, माझ्यावरची नजर काढ, म्हणजे मी जाण्याआधी जरा हुशारी धरीन. 44व्यात तर सरळ, जागा हो, झोपलास का? या वचनाबद्दल तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक हकिकत आहे. यरुशलेमच्या मंदिरात लेवी, म्हणजे तिथले सेवेकरी गायक, ते रोज म्हणत. योहानान महायाजकाने ती प्रथा बंद केली, कारण 121वं सांगतं की इस्राएलचा राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही. प्रथा गेली, पण वचन पुस्तकातून कुणी काढलं नाही. 8 तारखेला ते आजही म्हणायचं आणि 27 तारखेला त्याचं उत्तरही म्हणायचं. विठोबाशी तुकोबांनी मांडलेलं भांडण कानावर पडत वाढलेल्या आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, यात परकं काही वाटू नये.

रागाची स्तोत्रं मात्र मला जड गेली. 109 शापांनी भरलेलं आहे, आणि 137 बाबेलच्या नद्यांकाठी रडत सुरू होऊन शेवटी शत्रूच्या तान्ह्या मुलांपर्यंत जातं. ब्रेस्लोवचे रब्बी (धर्मगुरू) नाखमान सांगत की प्रत्येक स्तोत्रात माणसाने स्वतःला शोधावं आणि स्तोत्रांतल्या दाविद राजाच्या लढाया आपल्या आतल्या वाईट ओढीशी चाललेल्या समजाव्या. पुष्कळ ठिकाणी हे मला उपयोगी पडलं. 137च्या शेवटच्या वचनाला नाही पडलं. ते मी गाळत नाही, पण आवाज आपोआप खाली येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

इय्यारच्या 18 तारखेला, लाग बाओमेरच्या सणादिवशी, घरात लगीनघाई होती. दुसऱ्या दिवशी भाच्याचं लग्न. मलिद्याचे पोहे भिजत पडले होते, मी नारळ खवत होते आणि पुस्तक ओट्यावर उघडं होतं. त्या तारखेला 88 येतं, ज्याच्या शेवटी कुठलीच आशा नाही. शेवटचा शब्दच अंधार. मेंदीच्या घरात हे मोठ्याने वाचू का, असं मनात आलं. वाचलं. बहीण हातातलं काम सोडून ऐकत उभी राहिली. आईशिवायचं घरातलं पहिलं लग्न होतं ते, आणि तोवर ती गोष्ट कुणी तोंडातून काढली नव्हती. पुढे 89वं सुरू झालं, शीर्षक संपताच गाणं, आणि ती परत पोह्यांकडे वळली.

कुणी घ्यावं? हिब्रू अक्षरं जुळवता येतात पण रोज मशिदीत, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, जाणं होत नाही, अशांनी जरूर घ्यावं. रोज पंधरा ते वीस मिनिटं लागतात, 78व्याच्या आणि 119व्याच्या दिवशी जास्त. शक्य असेल तर मोठ्या अक्षरांची प्रत शोधा. दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, तारीख धरा.

तम्मुझ 29 दिवसांचा, म्हणून आज दोन भाग आहेत, 140 ते 150. पहिला सकाळी झाला. झांजांचा अजून व्हायचा आहे.