आंग्रा की ओर्ता? अझोरेसमधली दोन बंदरं

गोव्याहून मिरी भरून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत सरळ उत्तरेला जाता येत नसे, कारण तिथे वारं समोरून येतं. ती पश्चिमेकडून मोठा वळसा घेऊन अटलांटिकमधली अझोरेस ही पोर्तुगीज बेटं गाठत आणि पश्चिमी वाऱ्यावर लिस्बनला जात. तेर्सेइरा बेटावरचं आंग्रा नेमकं या वळणावर आहे. ते १५३४ मध्ये शहर झालं. इथे पाणी, ताजं अन्न, दुरुस्ती आणि चाच्यांपासून संरक्षण मिळे.

मोंते ब्राझील या विझलेल्या ज्वालामुखीमुळे आंग्राच्या खाडीला पश्चिमेचा आडोसा मिळतो, पण आग्नेय दिशा उघडी राहते. वारा तिकडून फिरला की नांगर घसरतात, आणि मागे लगेच खडक. खाडीच्या तळाशी जहाजांचे इतके अवशेष आहेत ते यामुळेच.

फायाल बेटावरच्या ओर्ताची जागा मुळातच जास्त सोयीची. समोर काही किलोमीटरवर २,३५१ मीटर उंच डोंगराचं पिकू बेट पूर्वेचा मारा बराच अडवतं. धक्क्याचं काम १८७६ मध्ये सुरू झालं. आधी व्हेलशिकारी जहाजं, १८९३ पासून समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारा, १९३९ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीची समुद्री विमानं आणि आता अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या नौका, असा इथला क्रम.

शिडाची नौका घेऊन जाणाऱ्याने ओर्ताच निवडावं. आग्नेयेच्या वाऱ्याचा अंदाज असेल तर आंग्रा टाळावंच. इतिहासासाठी मात्र आंग्राला तोड नाही. १ जानेवारी १९८० च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झालं, तरी जुना रस्त्यांचा आराखडा राखून पुन्हा उभं राहिलं आणि १९८३ मध्ये जागतिक वारसा ठरलं.