लग्नाचा फोटोग्राफर: अल्बम घरी येऊन एक पावसाळा गेल्यावरचा अनुभव

गेल्या डिसेंबरात दादरच्या एका हॉलमध्ये आमचं लग्न झालं. सकाळचा मुहूर्त, दुपारी पंगती आणि चारच्या आत हॉल रिकामा, कारण संध्याकाळी दुसऱ्यांचं रिसेप्शन. फोटो, अल्बम, व्हिडिओ हाती येऊन आता बरेच महिने झालेत. यातलं काय पुन्हा पुन्हा बघितलं जातं आणि काय एकदाच बघून कपाटात गेलं, हे आता नीट सांगता येतं. टीम दोघांची, छोटी. नाव घेत नाही, कारण निवड कशी केली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आम्ही भेटलेल्या प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागितली: बंद हॉलमध्ये सकाळी लागलेल्या एखाद्या लग्नाचे सगळेच्या सगळे फोटो दाखवा. निवडक नकोत. इन्स्टाग्रामवर कर्जतच्या लॉनवरचं, अलिबागच्या किनाऱ्यावरचं सोनेरी ऊन सगळ्यांकडेच असतं. पण मुंबईतल्या हॉलमध्ये वर पांढऱ्या ट्यूब, स्टेजवर पिवळे फोकस आणि मागे डेकोरेटरचे गुलाबी-जांभळे एलईडी, असा तिन्ही रंगांचा प्रकाश एकाच चेहऱ्यावर पडतो. एका बऱ्यापैकी महाग टीमने असे फोटो उघडले, तर नवरीचा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर. आम्ही शेवटी निवडलेल्या दोघांच्या टीमने दाखवलेल्या लग्नात हळद लागलेली त्वचा त्वचेसारखी दिसत होती आणि हिरवा शालू हिरवाच होता. तिथेच आमचं ठरलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग चुकला की व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकत राहतात. म्हणून आदल्या संध्याकाळी ते हॉलवर येऊन दिवे लावून बघून गेले. यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. मला ही फार मोठी गोष्ट वाटली.

आपल्या लग्नाला एक फोटोग्राफर पुरत नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. मध्ये अंतरपाट, दोन्हीकडे आम्ही समोरासमोर. एकच माणूस असेल, तर एकाचा चेहरा मिळतो आणि दुसऱ्याची पाठ. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे माझे आणि नवऱ्याचे दोन वेगळे फोटो आमच्याकडे आहेत. घरी आलेला प्रत्येक पाहुणा अल्बममध्ये त्याच पानावर थांबतो. मुंडावळ्यांचाही प्रश्न असतो, कॅमेऱ्याचा फोकस डोळ्यांऐवजी मोत्यांवर बसतो. त्यांचे जुने फोटो बघताना हे मी मुद्दाम मोठं करून तपासलं होतं. तुम्हीही तपासा.

पण इतक्या महिन्यांत आम्ही सगळ्यात जास्त वेळा काय लावलं असेल, तर मंगलाष्टकांचा आवाज. त्यांनी एक छोटा रेकॉर्डर हॉलच्या साउंड सिस्टीमला जोडला होता आणि दुसरा गुरुजींच्या उपरण्याला लावला होता. माझ्या आत्याने म्हटलेलं कडवं त्यात इतकं स्वच्छ आलंय की तिचा श्वास घेतलेलाही ऐकू येतो. चार मिनिटांच्या हायलाइट व्हिडिओत यावर गाणं घातलेलं आहे, तो आम्ही फारसा बघत नाही. म्हणून ठरवतानाच सांगा: मुहूर्ताचं पूर्ण, न कापलेलं चित्रीकरण मूळ आवाजासकट हवं. बऱ्याच पॅकेजमध्ये ते आपणहून देत नाहीत.

प्री-वेडिंग केलं नाही. ड्रोनही नको म्हटलं. विमानतळाभोवती 12 किलोमीटरपर्यंत ड्रोनवर निर्बंध आहेत, शिवाय मुंबई पोलिसांचे बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. शहरातल्या हॉलसाठी कुणी सहज ड्रोन देऊ करत असेल, तर परवानगीचा कागद मागा.

अल्बमबद्दल थोडी नाराजी आहे. छपाई सुंदर, उघडल्यावर 12 बाय 36 इंचांचं सलग पान, मधे दुमड दिसत नाही. पण फोटो निवडून दिल्यावर जी तारीख ठरली होती, ती बरीच टळली, आणि दर वेळी फोन आम्हीच करायचा. शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावर द्यायचा, असं लिहून घेतलं होतं, त्याचा उपयोग झाला. पानं मॅट घेतली ते बरं झालं. नणंदेचा चकचकीत पानांचा अल्बम जुलैच्या दमट हवेत दोन ठिकाणी चिकटला. आमचा आडवा ठेवलेला असतो, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, अजून काही झालेलं नाही.

फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊ नका. फोरके (4K, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं) चित्रीकरण 100 एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट या दराने केलं, तर तासाला 45 जीबी होतात. एफएटी32 या फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, मग व्हिडिओचे तुकडे करून देतात. आम्ही दोन हार्ड डिस्क दिल्या. एक इथे, एक आईकडे डोंबिवलीला.

पैशांचं सांगते. हळद आणि लग्न, दोघं जण, अल्बम धरून 90 हजार. त्यांची जीएसटी नोंदणी आहे, त्यामुळे 18 टक्के म्हणजे 16,200 वर. आकडा करासकट आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

करार वाचाच. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक आपण असतो, पण उलट करार नसेल तरच. आमच्या कागदात सगळे फोटो जाहिरातीसाठी वापरायची मुभा त्यांनी लिहिली होती. हळदीचे आणि लहान मुलांचे फोटो त्यातून वगळायला सांगितले, त्यांनी लगेच मान्य केलं.

घरच्यांच्या ग्रुप फोटोंसाठी नावांची यादी करून एका मावसभावाकडे दिली होती. फोटोग्राफरला आपली काकू कोण आणि मामी कोण, हे कसं कळणार? भाऊ हाका मारून एकेकाला स्टेजवर आणत होता, म्हणून पंगत बसायच्या आत सगळे फोटो झाले. आजोबांबरोबर चौघी बहिणींचा असा दुसरा फोटो आमच्या घरात नाही. तो मोठा करून भिंतीवर लावलाय.

सिनेमासारखा व्हिडिओ, स्लो मोशन, धुराचे लोट हवे असतील, तर ही टीम तुमच्यासाठी नाही. अल्बम वेळेत हवा असेल, तर तारखेपुढे दंडाची रक्कम लिहून घ्या. हे दोन मुद्दे सोडले, तर दिराच्या लग्नालाही आम्ही यांनाच सांगणार आहोत.