हौद्याच्या कडेला कॅनन आर१०: स्वस्तात खेळ टिपायचे तर पैसे कुठे घालायचे

दुकानात ‘ॲक्शनसाठी कॅमेरा दाखवा’ म्हटलं की निम्म्या वेळा काउंटरवर गोप्रोच्या जातीची डबी येते. वस्तू वाईट नाही. स्केटिंग करणाऱ्या पोराच्या हेल्मेटवर किंवा सायकलच्या हँडलला लावायला तीच हवी. पण बेळगावच्या लेले ग्राउंडवर गोलपोस्टच्या मागे बसून चाळीस मीटरवरचा स्ट्रायकर टिपायचा असेल तर तिच्यात तो मुंगीएवढा येईल. इथे विचार केलाय तो दुसऱ्याचा खेळ टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा. आनंदवाडीच्या आखाड्यातली निकाली कुस्ती, सरदार्स मैदानावरचं टेनिस बॉल क्रिकेट, गल्लीतल्या मंडळाची रात्रीची कबड्डी, खानापूर-निपाणीकडच्या जत्रांमधली मैदानं यांसाठी.

निकाल आधीच सांगतो. नवा घ्यायचा तर कॅनन आर१०, पण नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. सोबत मिळणारी १८-४५ची किट लेन्स घेऊ नका. वाचलेले पैसे एफ/१.८च्या लेन्सला लावा (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून प्रकाश जास्त). बजेट त्याहून कमी असेल तर नव्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा जुना दणकट डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) बरा, त्याबद्दल पुढे येईलच.

लेन्सवर एवढा जोर का, ते आकड्यांत बघा. आपल्याकडच्या रात्रीच्या मैदानावर चार खांबांवर दिवे असतात आणि मधोमध बऱ्यापैकी अंधार. अशा ठिकाणी एफ/२.८ ला १/८०० सेकंदाचं शटर धरलं तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश पकडण्याची पातळी, साधारण ३२०० लागतो. तीच फ्रेम एफ/५.६ च्या झूमने घ्यायची तर प्रकाश चौपट कमी, म्हणजे आयएसओ १२८००. चेहऱ्यावर दाणे, लाल मातीचा चिखल, लांगेचा रंग ओळखू येत नाही. उलट एफ/१.८ ची पन्नास एमएम लावली तर काम १२५० ते १६०० च्या आसपास भागतं. बॉडी कितीही महागाची घ्या, एफ/५.६ आणि एफ/१.८ मधली ही सव्वातीन स्टॉपची दरी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ती भरून काढत नाही.

आता आर१०. २०२२ सालचा, २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम, इलेक्ट्रॉनिकवर २३. धोबीपछाड सुरू झाल्यापासून पाठ मातीला लागेपर्यंत फार तर सेकंद-दीड सेकंद जातो. त्यातली पैलवान पूर्ण आडवा हवेत असलेली फ्रेम एखाददुसरीच. सेकंदाला पाचच फ्रेम मिळाल्या तर ती सुटते. पंधरात एक तरी हमखास असते. आरएडब्ल्यू मध्ये (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) सलग सुमारे २९ फ्रेम झाल्यावर हा कॅमेरा दमतो, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. एका डावाला पुरेसं आहे. जेपीईजी ठेवलं तर काळजीच नाही. पेपरला किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲपला अर्ध्या तासात फोटो द्यायचा असेल तर तसंही जेपीईजीच बरं.

मात्र २३ फ्रेमचा मोह नको. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली हळूहळू वाचला जातो, तेवढ्यात बॅट फिरलेली असते. फोटोत बॅट केळ्यासारखी वाकडी आणि चेंडू अंड्यासारखा. एलईडी दिव्यांखाली तर फोटोवर आडवे पट्टेही उमटतात. मैदानावर मेकॅनिकल, विषय संपला.

या कॅमेऱ्याची खरी किंमत मागच्या बाजूला आहे. अंगठ्याखाली जॉयस्टिक आहे, फोकस सुरू करणारं वेगळं एएफ-ऑन बटण आहे, दोन डायल आहेत. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता फोकसची चौकट एका पैलवानावरून दुसऱ्यावर नेता येते. व्ह्यूफाइंडर लहानच आहे, चष्मेवाल्यांना कोपरे दिसायला त्रास होतो. स्क्रीन पूर्ण उघडून फिरते, त्यामुळे कॅमेरा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेला मातीला टेकवून खालच्या कोनातून फ्रेम घेता येते. त्या कोनातून उचललेला पैलवान आभाळाला टेकल्यासारखा दिसतो आणि मागची खुर्च्यांची गर्दी आपोआप कापली जाते.

उणिवाही आहेत. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. पण १/८०० वर त्याचा तसाही उपयोग नाही, पळणारा माणूस त्याने थांबत नाही. कार्डाचा खण एकच. धूळ-पावसापासून विशेष संरक्षण नाही. आणि एलपी-ई१७ ही बॅटरी लहानशी आहे. दुपारी तीनला सुरू झालेलं मैदान रात्री अकरापर्यंत चालतं, तेव्हा तीन बॅटऱ्या जवळ हव्यात. कार्ड यूएचएस-टू, व्ही६० दर्जाचं, म्हणजे वेगाने लिहिणारं घ्या. साधं कार्ड टाकलंत तर बफर (कार्डावर जाईपर्यंत फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) रिकामा व्हायला वेळ लागतो आणि नेमका पुढचा डाव हुकतो.

भावंडांपैकी आर५० (२०२३) स्वस्त आणि हलका आहे. फोकसची हुशारी जवळपास तीच, सेकंदाला १२ फ्रेमही देतो. पण आरएडब्ल्यूमध्ये सात-आठ फ्रेममध्येच अडतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. डाव पुरा व्हायच्या आत कॅमेरा ‘थांबा’ म्हणतो. जॉयस्टिक नाही, डायल एकच. शाळेच्या गॅदरिंगमधल्या धावण्याच्या शर्यती, दिवसाचं क्रिकेट, जेपीईजीवर काम असं असेल तर आर५० घेऊन वाचलेल्या पैशांत लेन्स घेणं शहाणपणाचं. आर१०० मात्र खेळासाठी बघूच नका. खोक्यावरचा ६.५ फ्रेमचा आकडा फोकस एकाच जागी बांधून ठेवल्यावरचा आहे. पळत्या माणसाच्या मागे फोकस ठेवला की तो साडेतीनवर येतो.

निकॉनचा झेड५०-टू (२०२४) हा आर१० चा खरा प्रतिस्पर्धी. २०.९ मेगापिक्सेल, मेकॅनिकलवर ११ फ्रेम, माणूस ओळखून धरण्यात तरबेज, आणि त्याच्या जोडीची ५०-२५० लेन्स तिच्या किमतीच्या मानाने फारच नेटकी. ज्यांच्या घरी निकॉनच्या लेन्स आहेत त्यांनी हाच घ्यावा, पण एक खड्डा चुकवून. लग्नाची कामं करणाऱ्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे ८०-२०० एफ/२.८ डी ही लेन्स असते आणि ती स्वस्तात मिळते. त्या लेन्सला स्वतःची मोटर नाही. जुनी बॉडी स्क्रूने तिचा फोकस फिरवते. जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये तो स्क्रू नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. कबड्डीत हाताने फोकस करून बघा एकदा! कॅननचं तसं नाही, जुन्या ईएफ लेन्स साध्या ईएफ-आरएफ ॲडॅप्टरवर मूळच्यासारख्या चालतात. सेकंडहँड बाजारात त्या भरपूर आहेत, आणि आर१० ला वरचा नंबर देण्याचं अर्धं कारण हेच.

सोनीचा ए६४०० (२०१९) माणसाला चिकटून राहण्यात अजूनही कोणाला ऐकत नाही. ११ फ्रेम. मात्र बॅटरी लहान, कार्डाचा वेग जुना, स्क्रीन बाजूला उघडत नाही, आणि चांगली लांब लेन्स घ्यायला गेलं की ‘स्वस्त’ हा शब्द गळून पडतो. सिग्मा ५६ एमएम एफ/१.४ लावून फक्त कुस्ती-कबड्डी करणाऱ्याला तो चालेल.

जुना घ्यायचा तर

दोन नावं: कॅनन ७डी मार्क टू (२०१४) आणि निकॉन डी५०० (२०१६). दोन्ही सेकंदाला १० फ्रेमवाले, दोन्ही धूळ-पाण्याला दाद न देणारे, दोन्हींचं शटर २ लाख क्लिकला तपासलेलं. ७डी मार्क टू खूप स्वस्त पडतो. आयएसओ ३२०० च्या वर तो लवकर दाणेदार होतो, तेव्हा दिवसाच्या खेळालाच घ्या. डी५०० रात्रीही टिकतो, त्यात मोटर असल्याने वरची ८०-२०० डी लेन्सही त्यावर पळते. त्याचा पहिला खण एक्सक्यूडी कार्डाचा आहे. ते कार्ड महाग, सहज मिळतही नाही. दुसऱ्या खणात एसडी टाकून काम भागतं.

घेताना काय बघायचं? निकॉनचा ताजा जेपीईजी घ्या, त्याच्या फाइलमध्येच शटरचा आकडा असतो. कॅननच्या या मॉडेलसाठी वेगळं सॉफ्टवेअर आणि केबल लागते, ती सोबत न्या. ७डी मार्क टूच्या सीएफ कार्डाच्या खणात टॉर्च मारून पिना बघा. एक जरी वाकडी असली तर उठून या. लेन्स दोन्ही झाकणं काढून, एफ पूर्ण उघडा ठेवून, मागून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. बेळगाव-खानापूरचा पाऊस चार महिने लेन्सला सोडत नाही, आणि बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला तर मुळीच नाही. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० च्या मध्ये असू द्या. शेवटी डीएसएलआरवर एफ/१.८ लेन्स लावून वर्तमानपत्र तिरकं ठेवून एका ओळीवर फोकस करा. पुढची किंवा मागची ओळ ठळक आली तर फोकस सरकलाय. या दोन्ही बॉडीत तो मेनूतून जुळवता येतो.

लेन्स किती लांबीची

इथे बहुतेक जण जास्त लांबीची घेऊन फसतात. आर१० वर ८५ एमएमची लेन्स पंधरा फुटांवर जेमतेम १.२ मीटर रुंदीची जागा पकडते. दोन भिडलेले पैलवान त्यात मावत नाहीत, कोणाचा पाय तरी कापला जातो. हौद्याला खेटून बसत असाल तर ५० एमएम, तिथे दोन मीटर रुंदी मिळते. तीस फुटांवरून, म्हणजे खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून, ८५ बरोबर बसते. ईएफ ८५ एमएम एफ/१.८ यूएसएम ही जुनी लेन्स फोकसला चपळ आहे. आरएफ ८५ एमएम एफ/२ मॅक्रो नवी आणि देखणी, पण फोकसला संथ, ती इथे नको. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. कोपऱ्यात, अंतिम रेषेच्या बाहेर बसलं तर हीच ८५ पुरते.

फुटबॉलला आणि दिवसाच्या क्रिकेटला ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. स्वस्त, हलकी, चपळ. २५० ला चाळीस मीटरवरचा खेळाडू उभ्या फ्रेममध्ये पायापासून डोक्यापर्यंत येतो. त्यापलीकडे खेळ असेल तर फोटो काढू नका, चेंडू आपल्याकडे येईपर्यंत थांबा. आरएफ १००-४०० ची शिफारस सगळे करतात. उन्हात छान आहे, पण ४०० ला ती एफ/८ होते. चारनंतर ढग आले की बॅगेत.

सेटिंग: मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, सर्वो (हलत्या माणसामागे सतत फिरणारा) फोकस. कुस्तीला १/६४०, कबड्डी-फुटबॉलला १/१०००, क्रिकेटला १/१६०० किंवा वर. बैलगाडा पळताना दाखवायचा असेल तर उलट १/१०० ला उतरून कॅमेरा गाडीबरोबर फिरवा. दहात एक फोटो जमेल, पण चाकं फिरताना दिसतील. कुस्तीत ‘पूर्ण फ्रेम’चा फोकस ठेवला तर कॅमेरा पंचांचा फेटा पकडून बसतो. लहान झोन ठेवा आणि भिडलेल्या डोक्यांवर धरा.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर सोडू नका. फ्रेमभर लाल माती दिसली की कॅमेरा तो लाल मारायला जातो आणि अंगाचा रंग निळसर-हिरवा करून टाकतो. दिव्यांखाली ४००० ते ४५०० केल्विनवर बांधून टाका. सलग फ्रेममध्ये एक उजळ, एक काळी, एक पिवळी येत असेल तर कॅमेरा बिघडलेला नाही: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो आणि १/१००० चं शटर त्यातला एक तुकडाच उचलतं. अँटी-फ्लिकर चालू करा, आर१० मध्ये आहे. दिवे जनरेटरवर असतील आणि त्याची गती हलत असेल तर मात्र अँटी-फ्लिकरही चुकतं. तिथे १/१०० ला उतरून सलामीचे, विजयी पैलवानाला खांद्यावर घेतल्याचे फोटो घ्या. फ्लॅश नकोच, पैलवानाच्या डोळ्यांवर येतो.

मातीचं एक वेगळं सांगायला हवं. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेलं असतं. ती साध्या धुळीसारखी उडून जात नाही, चिकटते. ओल्या फडक्याने पुसली तर लेन्सवर तेलकट थर बसतो आणि दिव्यांभोवती झगमग वलयं येतात. आधी रबरी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, मग लेन्सचा कपडा, याच क्रमाने. हौद्याजवळ लेन्स बदलू नका. आर१० सारख्या मिररलेसचा (बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा) सेन्सर अगदी दारातच असतो. समोर स्वस्तातला यूव्ही फिल्टर दिवसा ठेवा, रात्री काढा, नाहीतर दिव्यांची भुतं फ्रेमभर नाचतात.

मेगापिक्सेलवरून कोणी घाबरवलं तर हिशेब सांगा: २० मेगापिक्सेलची फ्रेम ५४७२ पिक्सेल रुंद. चौकातल्या सहा फुटी फ्लेक्सवर पसरली तरी इंचाला ७६ पिक्सेल उरतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला तेवढे पुष्कळ.

कोल्हापूर, हुबळी, पणजी, कुठूनही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोक्यावर भारतातल्या आयातदाराचा पत्ता छापलेला आहे ना ते बघा. पाच-सात हजार स्वस्त म्हणून बिनबिलाचा दिला जाणारा माल बहुधा बाहेरचा असतो, त्याला इथली वॉरंटी लागत नाही. दुकानातच कार्ड टाकून आकाशाकडे धरून एफ/१६ ला एक फोटो घ्या आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर ते सेन्सरवर आहेत. दुसरा पीस मागा.